दुखवट्याची कॉफी

एकदा एका मुलीला एकच गोष्ट येत होती. पण ती अशी येत होती, की पाहणाऱ्याने श्वास घ्यायला विसरून जावे.

ही मुलगी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया या समुद्रकाठच्या शहरात राहत असे. तिचे नाव शाहिंदा. वडील मालवाहू जहाजावर इंजिनियर, वर्षातले बहुतेक महिने पाण्यावरच. घरात ती आणि तिची आई सोहेर. सोहेर मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असे. लहानपणी एकदा आईचा हात धरून शाहिंदा एका जुन्या क्लबात पोहायला गेली. तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर काचेच्या भिंतीआड दोन मुली एका छोट्या काळ्या चेंडूमागे धावत होत्या. ती तिथेच थांबली. त्या दिवशी पोहायचे राहिले, ते कायमचेच.

तो खेळ स्क्वॉशचा होता. चार भिंतींच्या बंद कोर्टात दोघे खेळाडू शेजारी शेजारी उभे राहतात आणि आळीपाळीने समोरच्या भिंतीवर चेंडू मारतात. त्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी असते. चेंडू पट्टीला लागला की ठण्ण असा आवाज होतो आणि गुण जातो. बहुतेक मुले म्हणूनच पट्टीपासून चार हात वर, जोरात मारतात. शाहिंदा मात्र पहिल्याच महिन्यात चेंडू पट्टीच्या जेमतेम वर, इतका हळुवार ठेवू लागली, की तो भिंतीला लागून जमिनीवर पडे आणि जणू तिथेच झोपी जाई.

त्या क्लबात एक वृद्ध प्रशिक्षक होते. फिक्री त्यांचे नाव. इजिप्तमध्ये खेळ शिकवणाऱ्याला सारे आदराने ‘कॅप्टन’ म्हणतात. तसे त्यांना सारा क्लब कॅप्टन फिक्री म्हणे. उंच, किंचित वाकलेले, मितभाषी. त्यांनी त्या मुलीचा खेळ पाहिला आणि सोहेरला बाजूला बोलावले.

“मादाम,” ते म्हणाले, “हिच्या मनगटात जे आहे, ते मला शिकवता येत नाही. बाकीचं सगळं शिकवीन. पण एक सांगतो, हे वरदान फार खादाड आहे. ते तुमचं घर खाईल.”

आईला त्या वेळी हसू आले. पुढे मात्र तसेच झाले. सकाळी शाळेआधी सराव, दुपारी शाळेनंतर सराव, शुक्रवारी कैरोला सामना. काही वर्षांत सोहेरने शाळेतली नोकरी सोडली, कारण मुलीला गाडीतून नेणारे दुसरे कोणी नव्हते. रसायनशास्त्राची पुस्तके वरच्या फळीवर गेली आणि आईच्या बोलण्यात सामन्यांच्या तारखा, बुटांचे तळवे आणि पायाला बांधायच्या पट्ट्या आल्या. तिला त्याचे दुःख नव्हते. काचेमागच्या बाकावर बसून मुलीकडे पाहताना तिच्या चेहऱ्यावर जे असे, ते तिच्या स्वतःच्या लग्नातल्या फोटोतही नव्हते.

शाहिंदा वाढत गेली, जिंकत गेली. पंधराव्या वर्षी परदेशातली एक मोठी कुमार स्पर्धा तिने जिंकली. पण इजिप्तमध्ये या खेळाच्या इतक्या गुणी मुली आहेत, की दुसऱ्या देशात जी राणी झाली असती, तिला इथे रांगेत उभे राहावे लागते. शेजारच्या कोर्टावर तेवढ्याच तोलाची दुसरी, तिच्या पलीकडे तिसरी. त्यांच्यातच कैरोची दालिया होती. दोघी एकाच वयाच्या, लहानपणापासून एकमेकींशी खेळत आलेल्या. कधी ही जिंके, कधी ती. सामना संपला की दोघी एकाच पायरीवर बसून एकाच पिशवीतले भाजलेले शेंगदाणे खात.

अठराव्या वर्षी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने शाहिंदाला प्रवेश देऊ केला. तिच्या बरोबरीच्या कितीतरी मुली खेळाच्या बळावर अशाच शिकायला गेल्या. शाहिंदा म्हणाली, “अभ्यास काय, म्हातारपणीही करता येतो. पाय म्हातारपणी धावत नाहीत.” आईने मान डोलावली. कॅप्टनांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “निवड तुझी आहे, पोरी. फुकट मात्र दोन्हींतलं काहीच नाही.”

ती व्यावसायिक खेळाडू झाली. पहिल्याच वर्षी कैरोच्या स्पर्धेत तिने जगातल्या अग्रगण्य खेळाडूंपैकी एकीला हरवले. शेवटच्या गुणाला तिने चेंडू असा काही ठेवला, की प्रतिस्पर्धी धावलीच नाही. उभी राहून फक्त पाहत राहिली. प्रेक्षक उठून उभे राहिले. सोहेर मात्र बसूनच राहिली, मुलीवरची नजर न काढता.

पुढचा सामना दालियाशी होता. शाहिंदा गुणांनी पुढे होती. समोरच्या कोपऱ्यात पडलेल्या एका चेंडूसाठी तिने लांब पाऊल टाकले. बूट जमिनीला चिकटला, शरीर मात्र वळले. गुडघ्यातून जो आवाज आला, तो तिच्याइतकाच दालियानेही ऐकला. दालियाने रॅकेट टाकली, खाली बसली आणि तिचे डोके मांडीवर घेतले. काचेवर दोन्ही हात आपटत आई ओरडत होती. आतून ते फक्त दिसत होते.

शस्त्रक्रिया झाली. वर्षभर ती चालायला शिकली, मग धावायला, मग वळायला. परत आली, काही सामने जिंकली, आणि सारे म्हणू लागले की पाहा, जिद्द याला म्हणतात. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. त्यानंतर एका सकाळी सराव करताना, समोर कोणी प्रतिस्पर्धी नसताना, एका साध्या चेंडूवर तोच गुडघा पुन्हा गेला.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी दोघींना समोर बसवले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी बोलणे लांबवले नाही. “हाडांमधली गादी उरलेली नाही,” ते म्हणाले. “तू चालशील, जिने चढशील. मात्र धावणं, झटक्यात वळणं, पुढे झेपावणं, ते आता नाही.”

“किती दिवस नाही?” शाहिंदाने विचारले.

डॉक्टरांनी आईकडे पाहिले. आईने खिडकीकडे पाहिले.

तिथून परतताना गाडीत आई म्हणाली, “दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू.” त्यांना दाखवले, तिसऱ्यांना दाखवले. सगळ्यांचे मत एकच पडले. परंतु ते मत घराच्या उंबऱ्याच्या आत कोणी येऊ दिले नाही.

मग सुरू झाला तो काळ फार विचित्र होता. शाहिंदा रोज सकाळी खेळाचे कपडे घालून क्लबात जाई. पिशवीत रॅकेट, टॉवेल, बदलायचे बूट, सारे असे. एका कोपऱ्यात बसून ती पायाचे व्यायाम करी आणि कोर्टावरच्या मुलींकडे पाहत राही. स्पर्धांना नाव देई, आणि आदल्या दिवशी काढून घेई. आई न वापरलेले कपडे धुई, वाळवी, घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवी. भेटेल तो काहीतरी चांगलेच बोले. मावशी म्हणाली, “त्यात काहीतरी भलंच असेल.” शेजारीण म्हणाली, “आता लग्नाचं बघा, वय आहे.” क्लबातले कोणी म्हणे, “अल्लाहच्या मनात असेल तर पुढच्या हंगामात तू कोर्टावर दिसशील.” कोणी म्हणे, “खेळाने तुला किती शिकवलं, ते आयुष्यभर पुरेल.” शाहिंदा सर्वांना हसून “हो” म्हणे. घरी आल्यावर न्हाणीघरात नळ सोडून बसे. रडायला नव्हे. रडू येतच नसे. नुसते पाणी वाहताना ऐकत बसे.

मृत्यूची इच्छा तिला झाली नाही, असे म्हणता येणार नाही. पण त्यासाठीसुद्धा काहीतरी संपलेले असावे लागते. आणि तिचे तर काहीच संपलेले नव्हते. सगळे जण तिला सांगत होते, की अजून काहीही संपलेले नाही.

अखेर एका सकाळी ती कॅप्टनांसमोर जाऊन उभी राहिली. ते बाकावर बसून एका रॅकेटची मूठ नव्याने गुंडाळीत होते.

“कॅप्टन, तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत. मी परत खेळेन का?”

कॅप्टनांचे हात थांबले. त्यांनी रॅकेट बाजूला ठेवली. मग म्हणाले, “गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर ये. आईला घेऊन ये. येताना ही पिशवी आणू नकोस.”

गुरुवारी दोघी मायलेकी क्लबात गेल्या, तेव्हा कोर्टांमागच्या लांब दालनात त्यांना वेगळेच दृश्य दिसले. दोन्ही भिंतींना लागून, समोरासमोर, खुर्च्यांच्या रांगा मांडलेल्या होत्या. दाराशी कॅप्टन उभे होते; अंगात गडद सूट, गळ्यात काळा टाय. खुर्च्यांवर क्लबातले जुने प्रशिक्षक बसले होते, शाहिंदाबरोबर खेळलेल्या मुली बसल्या होत्या, तिच्या पायाला रोज मालिश करणारी बाई बसली होती. कैरोहून सकाळच्या गाडीने दालिया आली होती. कोणी बोलत नव्हते. प्रत्येकाच्या हातात छोट्या कपात काळी, बिनसाखरेची कॉफी होती.

हे सर्व कशाचे चिन्ह आहे, हे त्या देशात लहान मुलालाही कळते. आपल्याकडे जसे सुतकाच्या घरी लोक भेटायला जातात, तसेच तिथे मृताच्या घरचे दाराशी उभे राहतात, आलेले लोक रांगेने बसतात आणि त्यांना कडू कॉफी दिली जाते. आनंदात साखर, दुःखात नाही.

शाहिंदाचा चेहरा उतरला. “कॅप्टन, कोण गेलं?”

कॅप्टनांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. “तुझा खेळ गेला, पोरी,” ते म्हणाले. “ये. जवळच्या माणसाची खुर्ची पहिली असते. ती तुझी.”

मग सोहेर पुढे झाली. इतक्या वर्षांत कॅप्टनांशी चढ्या आवाजात न बोललेली ती बाई आता ओरडली.

“तुम्हाला वेड लागलंय का? माझी मुलगी जिवंत आहे! जिवंत पोरीच्या नावानं दुखवटा मांडता? आणि तुम्ही? शेवटच्या चेंडूपर्यंत सोडायचं नाही, असं हिला तुम्हीच शिकवलंत ना? सगळं जग हिला धीर देतंय, आणि तुम्ही... तुम्ही हिला पुरायला निघालात?”

“बसा, मादाम,” कॅप्टन शांतपणे म्हणाले.

“मी नाही बसणार!”

“मग उभ्यानेच ऐका.” त्यांचा आवाज वाढला नाही, पण दालनातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत तो गेला. “तुमची मुलगी जिवंत आहे, म्हणूनच हे मांडलं. माणूस गेला की आपण काय करतो? खुर्च्या मांडतो. लोक येतात, मुकाट्यानं बसतात. मेलेल्याच्या आईला कोणी सांगत नाही, की पुढच्या हंगामात तो उठेल. कोणी म्हणत नाही, की त्याच्या मरणानं तुला केवढं शिकवलं. असं बोलणाऱ्याला आपण दारातून बाहेर काढू. पण हिचं जे गेलं, त्याच्यासाठी एक माणूस येऊन बसला नाही. प्रत्येक जण म्हणाला, ते जिवंत आहे, उठव त्याला. आणि ही बिचारी इतके महिने एक प्रेत पाठीवर घेऊन रोज सकाळी क्लबात येते आहे, व्यायाम करते आहे, हसते आहे. मादाम, ज्याचा दुखवटा झाला नाही, तो मेलेला घराबाहेर जात नाही. तो जेवायच्या वेळी ताटावर बसतो.”

सोहेरने मुलीकडे पाहिले.

कॅप्टन शाहिंदाकडे वळले. “तू मला विचारलंस, परत खेळेन का. नाही, पोरी. खेळणार नाहीस. कष्ट कमी पडले म्हणून नाही, श्रद्धा कमी पडली म्हणूनही नाही. तू सगळं दिलंस आणि तरी ते गेलं. असं होतं. का होतं, ते मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे असं वाटतं, त्याचं ऐकू नकोस. याच्या बदल्यात तुला काही मिळेल, असंही मी सांगणार नाही. कदाचित पुन्हा कधीच कोणी तुझ्याकडे पाहून श्वास रोखणार नाही. माझ्याकडे दिलासा नाही. एवढ्या खुर्च्या होत्या, त्या मांडल्या.”

असे म्हणून त्यांनी कॉफीचा एक कप तिच्या हातात दिला आणि दुसरा तिच्या आईपुढे धरला.

शाहिंदा पहिल्या खुर्चीवर बसली. तिने एक घोट घेतला. कॉफी कडू होती, जिभेवर गाळ आला. सोहेर कितीतरी वेळ उभीच होती. मग तिने कप घेतला आणि मुलीशेजारच्या खुर्चीवर, एखादे ओझे खाली ठेवावे तशी, बसली.

त्यानंतर लोक एकेक करून उठले. त्या देशात अशा वेळी म्हणायचे एक वाक्य आहे: ‘उरलेलं तुझ्या आयुष्याला लाभो.’ गेलेल्याचे जे जगायचे राहिले, ते मागे राहिलेल्याच्या वाट्याला यावे, असा त्याचा अर्थ. प्रत्येकाने तिच्यापुढे येऊन तेच वाक्य उच्चारले आणि तो पुन्हा जागेवर जाऊन बसला. आणि जसे दुखवट्याच्या घरी थोड्या वेळाने कोणीतरी गेलेल्या माणसाची आठवण काढतो, तसे झाले. मालिश करणारी बाई म्हणाली, “पहिल्या दिवशी हिचा पाय हातात घेतला, तर पोटरी दगडासारखी. मी म्हटलं, ही मुलगी आहे का घोडा!” दोघी-तिघी हसल्या. एका वृद्ध प्रशिक्षकाने कैरोतल्या त्या सामन्याचा शेवटचा गुण हाताने हवेत काढून दाखवला.

दालिया सर्वांत शेवटी आली. ती आता जगातल्या मोजक्या अव्वल खेळाडूंमध्ये गणली जात होती. ती शाहिंदापुढे गुडघ्यांवर बसली. ठरलेले वाक्य तिला म्हणता आले नाही.

“डाव्या कोपऱ्यातला तुझा तो हळू चेंडू,” ती म्हणाली, “तो तू कधी मारणार, ते मला एकदाही आधी कळलं नाही. आजपर्यंत नाही. मी दुसऱ्या कोणाशी खेळते, तरी तिथे तोच येईल म्हणून धावते. आणि तो येत नाही.”

तेव्हा शाहिंदा रडली. आधी आवाज न करता, मग आवाज करून, मग अशी, की कप तिच्या हातून निसटला आणि फरशीवर फुटला. कोणी तिला ‘रडू नको’ म्हटले नाही. कोणी पाणी आणायला धावले नाही. शेजारी सोहेर दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती, आणि मधूनच एकच वाक्य बोलत होती: “किती सुंदर खेळायची हो. किती सुंदर खेळायची.”

कॅप्टन दाराशी उभेच होते. ते रडले नाहीत. सर्व लोक जाईपर्यंत त्यांनी दाराची जागा सोडली नाही.

पुढे शाहिंदा सुखी झाली, असे मला सांगता येणार नाही. तिने क्लबात जाणे थांबवले. कपड्यांची पिशवी आईने एका सकाळी, तिला न विचारता, उचलून ठेवली; आणि तिने ती कुठे ठेवली, हे मुलीने विचारले नाही. हिवाळ्यात शाहिंदा बंदराजवळच्या एका जहाज कंपनीच्या कार्यालयात कामाला लागली. मालाची कागदपत्रे तपासण्याचे काम; ते तिला आवडत नसे, नावडतही नसे. समुद्रावरून ओला वारा सुटला की गुडघा ठणके. स्पर्धेचे दिवस आले की ती बातम्या पाहत नसे. असे कित्येक दिवस जात, की सकाळी का उठावे, याचे उत्तर तिच्यापाशी नसे. आईने कामावर जायची हाक मारली म्हणून ती उठे.

फक्त एक फरक पडला होता. एकदा कार्यालयातल्या एका नव्या मैत्रिणीने तिच्या तळहातावरचा कडक घट्टा पाहून विचारले, “हे कशानं गं?” आदल्या वर्षी कोणी असे विचारले असते, तर शाहिंदा हसून म्हणाली असती, की जरा दुखापत आहे, लवकरच परत खेळणार आहे.

“स्क्वॉश खेळायचे,” ती म्हणाली. “फार चांगलं खेळायचे. गेलं ते.”

तिचा आवाज हलला, पण वाक्य पूर्ण झाले. मैत्रिणीने आपली खुर्ची थोडी जवळ ओढली, आणि दोघी पुढ्यातल्या कागदांकडे वळल्या.

ज्याचे असे काही मेले आहे, त्याच्या घरी शहाणपण घेऊन जाऊ नये. नुसते जावे आणि बसावे.